ब्रिगिडचा सण ३१ जानेवारीच्या संध्याकाळीच

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आयर्लंडच्या सणांविषयी मराठीत जे छापून येते, ते बहुतेक १७ मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेच्या मिरवणुका आणि हिरव्या रंगापुरतेच असते. पण घरात तीन ते सात वर्षांची मुले असतील, तर त्यांच्या हातांना खरे काम देणारा सण १ फेब्रुवारीचा, सेंट ब्रिगिड या आयरिश संत स्त्रीचा आहे. आयरिश गणनेनुसार वसंताचा हा पहिला दिवस. तिथे राहणाऱ्या मराठी पालकांसाठी हे पत्र.

२०२३ पासून आयर्लंडच्या प्रजासत्ताकात या सणाची सार्वजनिक सुट्टी असते: फेब्रुवारीचा पहिला सोमवार, आणि १ तारीख शुक्रवारी आली तर तोच शुक्रवार. सुट्टी हवीच होती. मात्र तिच्यामुळे घरातले सगळेच सोमवारवर ढकलले जाते, आणि सणाचा गाभा हुकतो. क्रॉस विणणे, कापड बाहेर ठेवणे, ताज्या लोण्याचे जेवण हे सारे ३१ जानेवारीच्या संध्याकाळचे आहे.

क्रॉससाठी रश लागतो. हे लव्हाळ्यासारखे गवत ओलसर कुरणांत उगवते. शेत कुणाचे असेल तर आधी विचारावे. परंपरेनुसार ते कापत नाहीत, उपटतात. सोळा ते वीस हिरव्या, सरळ कांड्या घ्याव्यात, साधारण ३० सेंटीमीटर लांबीच्या. एखादी कांडी नखाने सोलून मुलांना दाखवा: आत पांढरा, स्पंजासारखा गर निघतो. तो चरबीत बुडवून पूर्वी घरात दिवे लावत. तोडून दोन-तीन दिवस झालेला रश दुमडताना तडकतो, म्हणून तो काही तास पाण्यात भिजवावा आणि विणताना ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवावा.

एक कांडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा, मोकळी टोके उजवीकडे. आता सगळे घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. ती टोके वर येतील. तिसरी कांडी दुमडून या वर आलेल्या टोकांभोवती घाला, पुन्हा उजवीकडे, आणि मध्याकडे घट्ट सरकवा. पाव वळसा, नवी कांडी, पाव वळसा. दर वेळी वरच्या भुजेतल्या सगळ्या कांड्या नव्या घडीत यायला हव्यात. एक जरी सुटली तरी मधला चौकोन उसवतो. फिरवण्याची दिशा मध्येच बदलली तरी तेच होते, आणि मुलांकडून हीच चूक जास्त होते. म्हणून मध्य मोठ्याने चिमटीत धरावा, फिरवणेही त्यानेच करावे, आणि अडकवून ओढण्याचे काम मुलाकडे द्यावे. चारही टोकांना दोऱ्याऐवजी रबरबँड लावा, कारण रश सुकला की आकसतो; दोरा सैल पडतो, रबर त्याच्यासोबत आवळत जाते. फारच लहान मुलांसाठी पाइप क्लीनर (हस्तकलेच्या लवदार तारा) बरे. कागदी स्ट्रॉ दुमडले की फाटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

ब्रिगिड दूधदुभत्याची रक्षणकर्ती, म्हणून ताटात लोणी हवेच. घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घ्या. काचेची चिमुकल्या हातांतून निसटते. तीत २५० मिली क्रीम घाला. बरणी एक तृतीयांशच भरलेली असावी, नाहीतर आत आपटायला जागा उरत नाही. फ्रिजमधले क्रीम तासभर बाहेर ठेवलेले हवे. अगदी गार असेल तर हात दुखेपर्यंत हलवूनही काही होत नाही. पाच-सात मिनिटांनी आवाज बंद होतो. हे फेटलेले क्रीम आहे, लोणी नव्हे, आणि मुले इथेच बरणी खाली ठेवतात. आणखी हलवत राहिले की एकदम ‘धप्प’ असा आवाज येतो, गोळा सुटतो आणि पातळ ताक वेगळे होते. गोळा गार पाण्यात पाणी नितळ होईपर्यंत धुवावा. आत ताक राहिले तर लोणी लवकर आंबते. शंभर ग्रॅमच्या आसपास लोणी निघते.

राहिलेले ताक सोडा ब्रेडमध्ये घालायचा मोह होतो, पण ते गोडे असते. आंबटपणाशिवाय सोडा फुलत नाही. दर २५० मिलीला एक टेबलस्पून लिंबाचा रस घालून दहा मिनिटे ठेवावे, आणि कमी पडेल तितके दुकानातले आंबवलेले बटरमिल्क मिसळावे. ४५० ग्रॅम मैदा, सपाट एक टीस्पून ब्रेड सोडा (म्हणजे खाण्याचा सोडा), एक टीस्पून मीठ आणि ३५० ते ४०० मिली ताक. सोडा चाळूनच घ्या. गुठळी राहिली तर हिरवट डाग पडतो आणि घास साबणासारखा लागतो. पीठ मळायचे नाही, हाताने जेमतेम गोळा करायचे, वर खोल फुली मारायची आणि लगेच ओव्हनमध्ये: २२० अंशांवर पंधरा मिनिटे, मग २०० वर पंचवीस. तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

ब्रेड भाजेपर्यंत कुराह नावाच्या मैदानाची गोष्ट सांगावी. राजा ब्रिगिडला म्हणाला, तुझ्या शालीने झाकेल तेवढी जमीन तुझी. शाल पसरत गेली आणि मैदान झाकून टाकले. किल्डेअरच्या त्या मैदानावर आजही मेंढ्या चरतात. मग मुलांनीच एक फडके खिडकीबाहेर बांधावे. ब्रिगिड रात्री जाताना त्याला स्पर्श करते, अशी श्रद्धा. सकाळी ते आत आणून डोकेदुखीसाठी वर्षभर जपतात.

क्रॉस दाराच्या वर आतल्या बाजूने टांगतात, घराला आग लागू नये म्हणून. वाळलेला रश चटकन पेटतो, तेव्हा चुलीपासून आणि मेणबत्तीपासून तो दूरच हवा. गेल्या वर्षीचा काढायची गरज नाही. जुन्या घरांच्या छपराखाली असे कितीतरी क्रॉस वर्षानुवर्षे एकाशेजारी एक राहत.

आपला,
एक वाचक, कौंटी किल्डेअर, आयर्लंड