पुन्हा तीच चीनची भिंत!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'अजब जग'च्या चौकटीत तुम्ही परत तेच छापलंत. चीनची भिंत चंद्रावरून दिसते म्हणे! गेल्या वर्षीही छापलेलं, तेव्हा मी गप्प बसलो आणि ते आमच्या घराला महागात पडलं, म्हणून या वेळी लिहितोय.

झालं असं की नात तेव्हा पाचवीत होती, शाळेत सामान्य ज्ञानाची स्पर्धा. प्रश्न आला, चंद्रावरून दिसणारी माणसाने बांधलेली वस्तू कोणती? पोरीने लिहिलं, 'एकही नाही'. बरोबरच आहे, मीच शिकवलेलं, अंगणात बसून हिशोब करून दाखवलेला. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब, भिंतीची रुंदी धरा ६ मीटर, म्हणजे आमच्या दारात उभं राहून साडेचार किलोमीटरवरच्या एसटी स्टँडवर कुणाच्या खांद्यावर पडलेला एक केस दिसायला हवा, तर ती भिंत दिसेल. एवढं कळायला इस्रोत नोकरी लागत नाही. पण बाईंनी फुली मारली. मी भेटायला गेलो तर त्यांनी कपाटातून एक वही काढली आणि डिंकाने चिकटवलेलं तुमच्याच पेपरचं कात्रण माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, "आजोबा, पेपरात आलंय." आता यावर काय बोलणार? बाईंना मी दोष देत नाही, त्या निदान पेपर वाचतात. पोरगी एका मार्काने दुसरी आली, बक्षिसाची कंपासपेटी गेली, आणि "तुमचं ऐकलं म्हणून" हे मला पुढचे आठ दिवस जेवताना ऐकावं लागलं.

ही थाप व्हॉट्सॲपची आहे असंही नाही हं. अमेरिकेत रिप्लेच्या 'बिलिव्ह इट ऑर नॉट' या व्यंगचित्रांच्या सदरात ती १९३२ सालीच छापून आलेली, म्हणजे तुमच्यासारखीच चौकट. माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. ३७ वर्षं आधी यांना तिथून काय दिसतं ते कुणी सांगितलं देव जाणे. पुढे २००३ मध्ये चीनचाच यांग लिवेई शेन्झोउ-५ मधून पृथ्वीला १४ चकरा मारून आला, तोही चंद्रावरून नाही, काही शे किलोमीटर उंचीवरून, आणि खाली आल्यावर सरळ म्हणाला की मला भिंत दिसली नाही. ज्यांची भिंत त्यांचा माणूस नाही म्हणतोय, तरी आपलं चालूच.

बरं, जे खरं असतं त्याची तुम्ही पार वाट लावता. त्याच चौकटीत खाली एक ओळ, 'ऑस्ट्रेलिया पक्ष्यांशी युद्ध हरला', पुढे हसरा चेहरा, संपलं. अहो, खरी मजा तर पुढेच आहे! तेही नेमकं १९३२ सालचंच. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनी दिल्या होत्या, त्यांच्या गव्हात हजारोंनी एमू घुसले, तर सरकारने मेजर मेरेडिथ नावाच्या अधिकाऱ्याला दोन लुईस मशिनगन आणि १० हजार गोळ्या देऊन पाठवलं. एका बंधाऱ्यापाशी हजारभर एमू टप्प्यात आले आणि डझनभर पडतात न पडतात तोच बंदूकच अडकली. मग बंदूक ट्रकवर बसवली, तर रानात ट्रक असा उडायला लागला की नेमबाजाला गोळी झाडता येईना, आणि एमू गेले पळून. हे छापायला जागा नव्हती का? २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तुम्ही खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांपर्यंत सगळं कारण व्यवस्थित दिलं होतंत, म्हणजे येत नाही असं नाही.

जाता जाता, शब्दकोड्याच्या चौकोनांचा आकार हल्ली एवढा केलाय की त्यात 'क्ष' मावत नाही, आणि ती वाचलेली जागा कुठे गेली तर त्या हसऱ्या चेहऱ्याला.

तर दुरुस्ती छापा ही विनंती. आतल्या पानावर कोपऱ्यात नको, त्याच चौकटीत, तारखेसकट आणि बाईंच्या वहीत जुन्या कात्रणावर बरोबर बसेल एवढ्या मापाची. डिंक मी घेऊन जाईन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली