आईचा डबा, बंद मंडई आणि सक्तीची कुपनं : युरोप सहलीबाबत तक्रार

पुणे, दि. ९ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (परदेश सहली),
पुणे कार्यालय

विषय : १५ जून २०२५ रोजी म्युनिक येथे ठरलेली बाजारभेट न घडवणे, बिअर गार्डनमध्ये घरचा डबा खाण्यास चुकीची मनाई करणे आणि जेवणाची कुपने सक्तीने घ्यायला लावणे.

महोदय,

सहलीहून परतल्यावर २० जूनला मी आपल्याला ईमेल केला होता. २७ जूनला उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की बाजार बंद असणं हे ‘अपरिहार्य स्थानिक कारण’ होतं, डब्याला मनाई हा ‘तिथला नियम’ आहे आणि झालेल्या गैरसोयीबद्दल पुढच्या सहलीवर ५,००० रुपयांची सूट मिळेल. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या नाहीत. तिसरी मला नको आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. मध्ये आईची वारीची गडबड होती, त्यामुळे थोडा उशीर झाला.

माझी आई ७२ वर्षांची आहे. तिने ३४ वर्षं महात्मा फुले मंडईत भाजी विकली. पहाटे गुलटेकडीहून माल आणायचा, सातच्या आत पाट्या मांडायच्या आणि दुपार टळेपर्यंत मांडी घालून बसायचं. त्या गाळ्यावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. तिला परदेशी न्यायचं मी ठरवलं तेव्हा कुठलं शहर बघायचं आहे असं विचारलं, तर ती म्हणाली, “तिकडं मंडई असते का गं? असली तर ती दाखव.”

आपली सहल मी निवडली ती या एका प्रश्नासाठी. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत सातव्या दिवशी स्पष्ट छापलं आहे : ‘म्युनिकच्या प्रसिद्ध व्हिक्टुआलियनमार्क्ट बाजारात दोन तास. त्यानंतर पारंपरिक बिअर गार्डनमध्ये आवडीनुसार, स्वखर्चाने जेवण.’ दुसऱ्या दोन कंपन्यांच्या सहली स्वस्त होत्या, पण त्यांच्या पत्रिकेत हा बाजार नव्हता. पैसे भरण्याआधी मी आपल्या कार्यालयात बसून विचारलं होतं की दोन तास खरोखर मिळतील ना. ‘नक्की मिळतील’ असं सांगण्यात आलं. त्यावर आम्ही प्रत्येकी २,८५,००० रुपये भरले.

जाण्याआधी महिनाभर मी तिला त्या बाजाराबद्दल वाचून दाखवत होते. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाचा राजा पहिला मॅक्सिमिलियन योझेफ याने १८०७ मध्ये हा बाजार शहराच्या मुख्य चौकातून हलवला, कारण चौकात जागा पुरेना. आपली मंडई उघडली १८८६ मध्ये, म्हणजे ही तिच्याहूनही जुनी, याचं तिला फार अप्रूप वाटलं. तिथे आसपासच्या गावांतली भाजी येते, तशीच इटली-फ्रान्सची चीज, ऑलिव्ह, मसाले आणि उष्ण प्रदेशातली फळंही येतात. “मग हापूस असेल का? काय भावानं देत असतील?” हे तिने मला निदान दहा वेळा विचारलं असेल. शिवाय तो पांढऱ्या शतावरीचा हंगाम होता. जमिनीखाली उन्हाआड वाढवलेले हे कोंब तिथे दरवर्षी २४ जूनपर्यंतच काढतात. आईने आयुष्यभर भाज्या हाताळल्या, पण ही कधी पाहिली नव्हती. फोटोत बघून ती म्हणाली, “हे हातात धरून बघायला पाहिजे.”

आपण आम्हाला तिथे रविवारी नेलंत.

व्हिक्टुआलियनमार्क्टचे गाळे रविवारी आणि सणासुदीच्या सुट्टीला बंद असतात. ही काही त्या दिवशी अचानक उद्भवलेली अडचण नव्हती, ती कायमची पद्धत आहे. आपली तारखांची पत्रिका जानेवारीतच छापून झाली होती. १५ जूनला रविवार आहे हे तेव्हाही दिसत होतं. एवढंच नाही, आदल्या दिवशी, शनिवारी, आम्हाला शहराबाहेरच्या एका खरेदी-संकुलात नेऊन तिथे साडेचार तास थांबवलं. सहल व्यवस्थापकांनी बसमध्ये ध्वनिक्षेपकावरून स्वतः सांगितलं : “खरेदी आजच उरका, उद्या रविवार, जर्मनीत दुकानं बंद असतात.” बसमधल्या ३८ जणांनी ते ऐकलं आहे. म्हणजे रविवारची बंदी कंपनीला ठाऊक होती. खरेदीसाठी ती लक्षात ठेवली आणि बाजारासाठी नाही. शनिवार आणि रविवारच्या सकाळची अदलाबदल करा असं मी म्हणत नाही, कारण मग खरेदी बुडाली असती. पण साडेचार तासांतले दोन तास त्या बाजाराला देता आले असते. तो शहराच्या अगदी मध्यावर आहे.

रविवारी सकाळी आम्ही तिथे वीस मिनिटं होतो. सगळी दारं ओढलेली, वाटा झाडून लख्ख. आई बंद गाळ्यांच्या रांगेतून हळूहळू चालत गेली. एका गाळ्याच्या बाहेर आलेल्या फळीवर तिने हात ठेवला, मग फळी आपल्या कमरेशी लावून उंची बघितली. “उभ्यानं विकतात हे लोक. गुडघे वाचतात,” म्हणाली. त्या बाजारातलं तिला कळलेलं एवढंच. तेवढ्यात बसकडे बोलावणं आलं.

आता डब्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त लागलं ते तिथे.

बाजार बंद म्हणून आम्हाला इंग्लिश गार्डन या मोठ्या उद्यानातल्या चिनी मनोऱ्याच्या बिअर गार्डनमध्ये नेलं. जागा फार सुंदर आहे. लाकडी मनोरा, खाली सुमारे ७,००० माणसं बसतील एवढी लांबलचक बाकं, वर चेस्टनटच्या झाडांची दाट सावली. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. बिअरच्या जागी तिला कसं वाटेल याची मला काळजी होती. पण तिथे आजीआजोबा होते, तान्ही मुलं होती, बाजूला मुलांसाठी खेळायची जागा होती. आम्ही सफरचंदाच्या रसात सोडा घालून देतात ते आपफेलशोर्ले घेतलं आणि एका उघड्या बाकावर बसलो. आईने पिशवीतून पंचा काढून टेबलावर अंथरला आणि डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भाकरवडी. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत हे आपल्याच सूचनापत्रकात वाचून तिने तुपातले लाडू घरी ठेवले होते. नियम मोडणारी बाई ती नाही.

तिने पुरी हातात घेतली आणि सहल व्यवस्थापक आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मावशी, डबा बंद करा. बाहेरचं खाणं इथे चालत नाही. दंड होईल, सगळ्या ग्रुपला उठवतील.” आईने पुरी डब्यात परत ठेवली, झाकण लावलं, पंचाची घडी केली. आपल्यामुळे ३८ माणसांना उठावं लागेल या भीतीने ती डबा पिशवीत नाही, मांडीवर पदराखाली धरून बसली. मग प्रत्येकी २८ युरोंची कुपनं घ्यायला सांगितलं. रोख, पावती नाही. ‘स्वखर्चाने, आवडीनुसार’ असं छापलेलं मी दाखवलं, तर “इथे ग्रुपला असंच करावं लागतं” हे उत्तर मिळालं. कुपनावर भाजलेली अर्धी कोंबडी किंवा बटाट्याचं सॅलड आणि ब्रेत्सन नावाचा वेटोळा खारट पाव. सॅलड शाकाहारी असल्याचं व्यवस्थापकांनी सांगितलं. मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं की त्यात मांसाचा रस्सा आहे. बव्हेरियात ते सॅलड तसंच करायची रीत आहे. त्या बाईंचा काही दोष नाही. ३८ पैकी २१ शाकाहारी प्रवासी घेऊन जाणाऱ्या कंपनीला ही रीत माहीत असायला हवी होती. आई त्या दुपारी अर्धा पाव खाऊन राहिली. डबा मांडीवर असताना.

आमच्या शेजारच्या बाकावर एक म्युनिकचं कुटुंब येऊन बसलं. त्यांनी वेताची टोपली आणली होती. तिच्यातून चौकटीचं कापड निघालं, मग उकडलेली अंडी, पाव, चीज आणि एक भलामोठा पांढरा मुळा. त्यातल्या आजींनी तो मुळा एकसंध, पातळ, सुरळीसारखा कापला, वर मीठ भुरभुरलं आणि पाणी सुटायला ठेवला. आई पापणी न हलवता बघत होती. मुळा कापण्यात तिचा हात धरणारं मंडईत कोणी नव्हतं. आजींचं लक्ष तिच्या मांडीवरच्या डब्याकडे गेलं. त्यांनी हसून टेबलावर हात थोपटला, डबा वर घ्या अशा अर्थाने, आणि मुळ्याची ताटली आमच्याकडे सरकवली. आईने मान हलवून नको म्हटलं. व्यवस्थापक पलीकडेच उभे होते. मी त्यांना विचारलं, हे लोक घरचं कसं खातात? ते म्हणाले, “ते लोकल आहेत.”

महोदय, हे धादांत खोटं आहे. परत आल्यावर मी नीट शोधून वाचलं, आणि ते आपल्या माहितीसाठी लिहिते. बव्हेरियात १५३९ च्या हुकमाने उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. त्यामुळे वसंतात केलेली बिअर उन्हाळाभर टिकावी म्हणून जमिनीखाली तळघरं खोदत. तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावत, खडी पसरत. लोक तिथेच सावलीत बसून पिऊ लागले आणि शहरातल्या खाणावळवाल्यांचा धंदा बसला. तेव्हा ४ जानेवारी १८१२ रोजी त्याच मॅक्सिमिलियन योझेफ राजाने हुकूम काढला : तळघरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, इतर खाणं विकू नये. लोक घरून शिदोरी आणू लागले ते तेव्हापासून. पुढे खाणं विकायची बंदी उठली, पण शिदोरीची रीत राहिली. बव्हेरिया सरकारच्या २० एप्रिल १९९९ च्या बिअर गार्डन नियमावलीत घरून आणलेली शिदोरी पैसे न मोजता खाता येणं हे बिअर गार्डनचं मुख्य लक्षण म्हणून नोंदवलेलं आहे. तिथे ‘लोकल’ आणि परका असा भेद नाही. पेय तिथलंच घ्यायचं, ते आम्ही घेतलं होतं. ज्या टेबलांवर कापड घालून वाढपी सेवा देतात तिथे डबा उघडायचा नाही. आमचं टेबल उघडं होतं.

म्हणजे संपूर्ण १२ दिवसांच्या सहलीत आईने आपल्या हाताने केलेलं खाणं मानाने टेबलावर मांडून, तिथल्या माणसांबरोबर वाटून खावं अशी एक जागा होती. त्याच जागी तिला चारचौघांत चोरासारखं वाटायला लावलं. अज्ञानाने घडलं की कुपनं खपवण्यासाठी, हे आपण आपल्या माणसाला विचारा. पेय घेताना पेल्यासाठी अनामत घेऊन बिल्ला देतात, पेला आणि बिल्ला परत केला की ती अनामत मिळते. ते बिल्लेही “एकदम परत करतो” म्हणून सगळ्यांकडून गोळा केले होते. ते पैसे आम्हाला मिळालेले नाहीत.

आपल्या उत्तरात ‘ज्येष्ठ प्रवाशांना दोन तास चालणं झेपत नाही, म्हणूनही भेट आटोपती घेतली’ असं एक वाक्य आहे. आई २२ जूनला माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडला गेली. ती काय झेपवू शकते ते तिला न विचारता ठरवू नये. हॉटेलं, बसचालक आणि स्वित्झर्लंडमधला कार्यक्रम याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

माझ्या मागण्या अशा. कुपनांचे ५६ युरो आणि पेल्यांची अनामत परत करावी. छापील कार्यक्रमातली बाजारभेट घडवली नाही त्यापोटी प्रत्येकी १०,००० रुपये द्यावेत. पुढच्या तुकड्यांसाठी म्युनिकचा बाजार सोमवार ते शनिवार यांतच ठेवावा, किंवा पत्रिकेतून काढावा. बिअर गार्डनमध्ये घरचा डबा चालतो हे सूचनापत्रकात मराठीत छापावं आणि सर्व सहल व्यवस्थापकांना लेखी कळवावं. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची आहे, कारण आपल्या प्रत्येक बसमध्ये डबा घेऊन निघालेली एखादी आई असतेच.

१५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांसाठी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. कार्यक्रमपत्रिकेचं पान, कुपनांचे फोटो, आपला ईमेल आणि नऊ सहप्रवाशांच्या सह्यांचं निवेदन सोबत जोडलं आहे.

दिलगिरीचं पत्र वेगळं पाठवावं, ते आईच्या नावाने आणि मराठीत. तिला इंग्रजी येत नाही, आणि ते तिला मी वाचून दाखवणार नाही, ती स्वतः वाचेल.

आपली,
(सही)
आसन क्र. २१ व २२ वरील प्रवासी