कोच, त्या सातव्या होलसाठी

प्रिय कोच,

तुम्हाला मराठी येत नाही. लेक हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल, अर्थही सांगेल. पण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. शिवाय मुलांना गोल्फसाठी अमेरिकेला पाठवू पाहणाऱ्या इथल्या आईवडिलांनीही ते वाचावं असं वाटतं.

तुमचा पहिला फोन आला तेव्हा आम्ही एका एजंटच्या नादी लागलो होतो. येरवड्याच्या कोर्सवर लेकीचा खेळ बघून त्याने ‘फुल गोल्फ स्कॉलरशिप’चं गाजर दाखवलं होतं, पैसेही घेतले होते. तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत, आमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात आहे, इथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. मिळाली तर मार्कांवर फीमध्ये सवलत. परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या केंद्र सरकारची मदत नाही आणि सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम नाही. मग फी दरवर्षी वाढणार हे धरून आमच्याकडून चारही वर्षांचा हिशोब मांडून घेतलात. तुम्हाला खेळाडू हवे होते, कॉलेजला फी भरणारे विद्यार्थी. गोड बोलून आम्हाला ओढणं काही अवघड नव्हतं. फोन ठेवून हे एवढंच म्हणाले, “या माणसाकडे पाठवायची.”

तुमचा कारभार कसा चालतो ते लेक तिथे पोचल्यावर हळूहळू कळत गेलं. मुलामुलींचे दोन्ही संघ तुमच्याकडे, पगार अर्ध्या वेळेचा, म्हणून सकाळी क्लबच्या दुकानात काम. व्हॅन तुम्हीच चालवणार, जेवणाच्या पावत्या तुम्हीच जपणार. तुमच्या आयोवा राज्यात बर्फ पडला की जिमच्या तळघरात जाळी लावून सराव. २०२५ पासून मोठ्या कॉलेजांना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर थेट खेळाडूंना वाटता येतात, आणि तसं करणाऱ्यांना गोल्फच्या संघात नऊच जण ठेवता येतात. तुम्हाला पाच मुली जमवताना नाकी नऊ येतात.

म्हणूनच त्या ऑक्टोबरचं मोल मला कळतं. स्पर्धेत संघातून पाच जणी खेळतात, त्यातल्या चार चांगल्या स्कोअरकार्डांची बेरीज धरतात. पण एक मुलगी सेमिस्टरसाठी परदेशात होती, म्हणजे चौघीच, आणि चौघींचंही कार्ड लागणार. सातव्या होलवर रफमधून, म्हणजे कडेच्या उंच गवतातून मारताना लेकीचं डावं मनगट दुखावलं. ती खेळत राहणार होती. तुम्ही कार्ट थांबवून तिला ग्लोव्ह काढायला लावलात, बोटं मिटून उघडायला सांगितलीत. तिला मूठ वळेना, तसे म्हणालात, “बॅग कार्टमध्ये ठेव.” तीनच कार्डं जमा झाली. संघाच्या नावापुढे स्कोअरच नव्हता.

आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मांडीवर बर्फाची पिशवी घेऊन ती व्हॅनमधून बोलत होती. रडत होती, पण मनगटासाठी नाही. म्हणाली, “आई, मला कुणी रागावलंच नाही गं.”

कोच, परक्या मुलखात माझ्या मुलीचा हात तुम्ही स्कोअरच्या आधी बघितलात. तुमचे आभार कसे मानू?

मेमध्ये तिच्या पदवीदानाला आम्ही दोघं येतोय. चकल्या आणि बेसनाचे लाडू आणते. आणि एकदा त्या व्हॅनमध्ये बसायचं आहे मला.

तुमची ऋणी,
संघातल्या एका मुलीची आई, पुणे