सारांशाखालच्या त्या ओळींसाठी, मॅडम

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,
स. न. वि. वि.

12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन झाला. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांच्या फोटोखाली शुभेच्छांची रांग लागली होती, त्यात मीही एक फूल चिकटवलं. पण तुमचं देणं इमोजीत फिटणारं नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही. सोलापुरात समाजकार्य शिकलेल्यांना तसंही ते कळेलच.

माझा विषय होता यंत्रमाग कामगारांचं ऐकू येणं. आमच्या पूर्व भागात हा विषय शोधायला उंबऱ्याबाहेर पडावं लागत नाही. आमच्या नानांचं उभं आयुष्य धोट्याच्या खटखटाटात गेलं. घरात ते तेलुगूत बोलतात, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पण प्रबंधात नाना चालत नाहीत, संदर्भ लागतात. आणि पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन नोंदसूचीत, 'पॉवरलूम' टाकलं की एक यादी यायची, मधे जागा सोडून 'पॉवर लूम' टाकलं की दुसरी, 'डेफनेस' टाकलं की तिसरीच.

दुसऱ्या कुणी चार लेखांच्या प्रिंट काढून हातात ठेवल्या असत्या आणि मी खूश होऊन घरी गेले असते. तुम्ही मला त्यातला कामाचा एकच लेख निवडायला लावलंत आणि म्हणालात, "सारांश नंतर वाच गं, आधी खाली ये." खाली मेश शीर्षकांच्या, म्हणजे लेखाला दिलेल्या ठरावीक विषयनावांच्या, ओळी होत्या: 'हिअरिंग लॉस, नॉइज-इंड्यूस्ड'. 'नॉइज, ऑक्युपेशनल'. 'टेक्स्टाइल इंडस्ट्री'. एम.ए.पर्यंत पोचेस्तोवर या ओळींकडे बोट दाखवणारं मला कुणी भेटलं नव्हतं, याचं अजूनही नवल वाटतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानं 1960 पासून चालवलेली ही शीर्षकसूची. लेखक बहिरेपण म्हणो, श्रवणदोष म्हणो, की नुसते ऑडिओमेट्रीचे, म्हणजे श्रवणचाचणीचे, आकडे देवो, विषय तोच असेल तर नोंदीवर ठरलेलं एकच शीर्षक. माणसाला घरी कुणी बाळ्या म्हणो, कुणी अण्णा, रेशनकार्डावर नाव एकच, तसं. 'हिअरिंग लॉस, नॉइज-इंड्यूस्ड' आणि 'टेक्स्टाइल इंडस्ट्री' ही दोन शीर्षकं 'अँड'नं जोडली, तेव्हा समोर आलेल्या कित्येक लेखांच्या नावात माझा एकही शब्द नव्हता. लेख मात्र माझ्याच विषयाचे.

मग तुम्ही या शीर्षकांची उतरंड उलगडून दाखवलीत. कापसाच्या तुसामुळे होणारा फुप्फुसाचा आजार बिसिनोसिस. तो 'न्यूमोकोनिओसिस', म्हणजे धुळीमुळे होणारे फुप्फुसाचे आजार, या शीर्षकाच्या पोटात येतो, सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टोसिसच्या शेजारी. वरचं शीर्षक घेतलं की पबमेड खालची सगळी आपोआप ओढून आणतं. नको असतील तर तसं सांगावं लागतं. तारांकित शीर्षक म्हणजे लेखाचा मुख्य विषय, बाकीचे ओघात आलेले. माझी वर्गमैत्रीण तुसावर काम करत होती. तिला हे मी त्याच संध्याकाळी शिकवलं आणि फुकटचा भाव खाल्ला.

पण खरी उपयोगाची होती ती तुमची ताकीद. शीर्षकांच्या भरवशावर साधे शब्द सोडू नकोस, म्हणालात. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना मेश शीर्षकं नसतात; अगदी ताज्या नोंदींना ती अजून मिळालेली नसतात, आणि काही नियतकालिकांतल्या लेखांना ती कधीच मिळत नाहीत. 2022 पासून शीर्षकं देण्याचं काम मुख्यतः यंत्रच करतं, म्हणून शीर्षक बघूनही लेख उघडून बघायचाच. शेवटी शीर्षकांचा शोध वेगळा, शब्दांचा वेगळा, दोन्ही 'ऑर'नं जोडलेले. माझ्या प्रबंधातली शोधपद्धतीची दोन पानं म्हणजे हीच बैठक. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच पानांवर विचारले.

गिरण्यांच्या इतिहासाचं प्रकरण लिहिताना मेशचा उपयोग नव्हता. तिथे तुम्ही लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॅटलॉगकडे वळवलंत. त्यांची विषयशीर्षकं 1898 पासून चालत आलेली, आणि विषयाला पुढे देशाचं, गावाचं नाव जोडायची सोय. एका पुस्तकाच्या नोंदीतल्या 'टेक्स्टाइल वर्कर्स'वर क्लिक केलं की त्याच शीर्षकाची बाकीची पुस्तकं हजर. जुन्या इंग्रजी छापील साहित्यात मात्र आपलं गाव 'शोलापूर' आहे. शब्दांनी शोधायचं तिथे दोन्ही स्पेलिंगं टाकायची हे तुम्ही वहीत लिहून दिलंत; 1877 च्या जुन्या मिलबद्दलचा माझा बराचसा मजकूर 'शोलापूर'खालीच मिळाला.

तक्रार एकच. आपल्या कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तकांच्या विषयाच्या रकान्यात बऱ्याचदा नुसतं 'इतिहास' किंवा 'सामाजिक' असतं. तुमच्या एकटीच्या हातात ते नाही, माणसं कमी आहेत, ठाऊक आहे. सुट्टीत दोघी-तिघी जणी येऊन बसायला तयार आहोत. निदान सोलापूरविषयीच्या पुस्तकांपासून सुरुवात करू.

प्रबंधाची बांधलेली प्रत पुढच्या आठवड्यात जमा करते. तिला विषयशीर्षकं तुम्हीच द्याल. 'सोलापूर' तेवढं जोडायला विसरू नका.

आपली,
पूर्व भागातली एक विद्यार्थिनी