उसाच्या फडावरचा अनुभव परदेशी अर्जात का दिसत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत परदेशी शिक्षणाबद्दल नेहमी काहीतरी असतं, आमच्या कॉलेजची लेकरं ती लायब्ररीत आवर्जून वाचतात, पण त्यात कॉम्प्युटर, एमबीए आणि फार तर मेडिकल यापलीकडे गाडी जात नाही. मी अंबाजोगाईला समाजशास्त्र शिकवते. गरिबी, स्थलांतर, दुष्काळ, बायकांचं आरोग्य, योजनेचा पैसा गावात पोचतो का मधेच मुरतो, या सगळ्याचा अभ्यास परदेशात 'आंतरराष्ट्रीय विकास' या नावाने एमएला होतो, आणि आमच्या लेकरांनी तर हे सगळं जन्मापासून बघितलंय. पण त्यांना असा कोर्स असतो हेच कुणी सांगत नाही.

इंग्लंडात ब्रायटनजवळ ससेक्स विद्यापीठाच्या आवारात १९६६ पासून याची स्वतंत्र संस्था आहे, नेदरलँड्समध्ये द हेगला तर १९५२ पासून. कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या स्कारबरो कॅम्पसवर पदवीलाच असा कोर्स आहे की त्यात आठ ते बारा महिने एखाद्या विकसनशील देशात जाऊन संस्थेत काम करावं लागतं. वर्गात शिकायचं आणि मग निर्वासितांसाठी काम करणारी संस्था, गरजूंना फुकट अन्नधान्य देणारी फूड बँक, स्थानिक आरोग्य केंद्र अशा ठिकाणी इंटर्नशिप करून ते ताडून बघायचं, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, काही विद्यापीठांत तर शेवटच्या प्रबंधाऐवजी प्लेसमेंट, म्हणजे संस्थेत प्रत्यक्ष काम, घेता येते.

ससेक्सच्याच रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवलंय की बाहेरून पाहणीला येणारी माणसं डांबरी सडकेच्या कडेची गावं बघतात, पावसाळा टाळून येतात, पुरुषांशी बोलतात आणि निघून जातात, म्हणून खरी गरिबी त्यांना दिसत नाही. हे मी वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरची एक मुलगी, आईवडील ऊसतोडीला जाणारे, ती म्हणाली, मॅडम पावसाळ्यात आमच्या तांड्यावर गाडी येत नाही आणि दिवाळीनंतर तांड्यावर आम्हीच नसतो, मग आमची पाहणी होणार कधी? मी इतकी वर्षं शिकवते पण हा मुद्दा इतका नेमका मला मांडता आला नसता. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, टोळी नेणारा मुकादम, कोयता, फडावरच्या कोप्या म्हणजे झोपड्या, सहा-सहा महिने बुडालेली शाळा हे तिला पाठ आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. या मुलीच्या घरातच अशा दोन बायका आहेत. तिने जर पाहणी कशी करायची, आकडे कसे मांडायचे आणि धोरण कुठं अडतं हे रीतसर शिकलं तर ती काय काम करेल याचा विचार करा.

पण तिच्या हातात आम्ही काय देतो? नवीन शैक्षणिक धोरणात एमएच्या पहिल्या वर्षाला ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) नाहीतर फील्ड प्रोजेक्ट आला, त्याला ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास काम. कागदावर लई चांगली गोष्ट आहे ही, परदेशातल्या कोर्समध्ये असतं तेच. प्रत्यक्षात मी बघितलेल्या कॉलेजांत काय होतं तर ओळखीच्या दुकानातून नाहीतर संस्थेतून शिक्का मारून सर्टिफिकेट आणायचं, अहवाल मागच्या वर्षीच्या पोराचा घ्यायचा, नाव बदलून बाइंडिंग करायचं आणि आपण पण शिकवणारे सही करून मोकळे होतो कारण एकेकाकडे साठ-साठ मुलं आहेत. लेकरांचं त्यात काय चुकतं सांगा, त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे १२० तास पुढं अर्जात त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू ठरू शकतात. जागा काय कमी आहेत का! ऊसतोडवाल्यांच्या लेकरांसाठीच्या साखरशाळा आहेत, आशाताई आहेत, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरं बांधायच्या कामात उतरलेल्या बायकांचे गट आहेत, ग्रामपंचायतीत रोजगार हमीचे मस्टर (हजेरीपट) पडलेत, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा (टिस) कॅम्पस आहे आणि तिथली मुलं खेड्यात राहून काम शिकतात.

आणि जामखेड बघा, बीड जिल्ह्याला लागूनच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन बसले, गावातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना आरोग्यसेविका केलं, १९७९ ला मॅगसेसे मिळालं. आज तिथं परदेशातून विद्यार्थी शिकायला येतात, आणि पाटोदा, आष्टीच्या आमच्या मुलांना हाकेच्या अंतरावर असून ते माहीत नाही.

पैशाचं बोलायचं तर कर्ज काढून जा असं मी कुणालाच म्हणणार नाही, या विषयात सुरुवातीला मोठे पगार नसतात. स्कॉलरशिपच पाहिजे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या लेकरांसाठी आहे, पण २०२२ मध्ये तिच्यात अट घातली की भारताची संस्कृती, इतिहास, भारतातले सामाजिक प्रश्न हे विषय चालणार नाहीत, ते इथंच चांगले शिकता येतात म्हणून. म्हणजे ऊसतोडीवाल्याच्या मुलीने ऊसतोडीवर अभ्यास करायचा म्हटलं तर दार बंद. बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले आणि १९१६ मध्ये तिथं त्यांनी भारतातल्या जातींवरच निबंध वाचला. त्यांनी १९५० मध्ये आमच्या मराठवाड्यात मिलिंद कॉलेज काढलं, त्या मातीतल्या लेकरांना ही अट लावणं मला तरी पटत नाही, ती काढायलाच पाहिजे.

ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग स्कॉलरशिपला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, स्वयंसेवी काम पण चालतं. त्याचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या आसपास बंद, नेमकी तेव्हा इथं ऊसतोडीच्या टोळ्या निघायची गडबड असते आणि घरातली मोठी मुलगी म्हणजे म्हातारी माणसं आणि जनावरं सांभाळणारी. म्हणून माझी विनंती आहे की अशा स्कॉलरशिपच्या तारखा तुम्ही जुलैतच, आणि शहराच्या पुरवणीत नाही तर बीड, धाराशिव, हिंगोलीच्या ग्रामीण आवृत्तीत छापाव्यात. आणि आमच्या विद्यापीठांनी ओजेटीसाठी संस्थांची यादी जिल्हावार लावावी, एका शिक्षकाकडे मोजकीच मुलं द्यावीत आणि तोंडी परीक्षेला त्या संस्थेचा माणूस समोर बसवावा.

आपली,
एक प्राध्यापिका, अंबाजोगाई (जि. बीड)