विभागीय संघटनेने आधी नकाशे सांभाळावेत

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे एका क्रीडाप्रेमी वाचकांनी अशी सूचना केली आहे, की पुण्याला सह्याद्रीचे सान्निध्य लाभलेले असल्याने येथे दरवर्षी ओरिएंटियरिंगची भव्य राज्यस्तरीय स्पर्धा भरवावी, तिला अनुदान व प्रायोजक मिळवावेत आणि हे काम विभागीय संघटनेने अंगावर घ्यावे. सूचनेमागील आपुलकीबद्दल वाद नाही. परंतु पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील क्लबांच्या संघटनेत काही वर्षे काम केल्यानंतर माझे मत नेमके याच्या उलट झाले आहे. स्पर्धा क्लबांनी भरवाव्यात. आणि त्या भरवण्यासाठी जे जे लागते, पण एकट्या क्लबाच्या आवाक्यात कधीच येत नाही, ते संघटनेने पुरवावे. त्यात पहिला क्रमांक नकाशांचा लागतो.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धावपटूच्या हाती नकाशा आणि होकायंत्र असते. नकाशावर जांभळ्या रंगात त्रिकोणाने आरंभ, दुहेरी वर्तुळाने शेवट आणि मधल्या क्रमांकित वर्तुळांनी कंट्रोलच्या, म्हणजे धावपटूने गाठायच्या ठिकाणांच्या, जागा दाखवलेल्या असतात. प्रत्यक्ष जमिनीवर त्या जागी तीस सेंटिमीटर बाजूचे नारिंगी-पांढरे निशाण टांगलेले असते. कंट्रोल दिलेल्या क्रमानेच घ्यायचे, मात्र एकाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि खेळाची सगळी गंमत या ठरवण्यातच आहे. साहजिकच येथे नकाशा हेच मैदान असते. कबड्डीच्या मैदानावरची मध्यरेषा हातभर सरकवून आखली, तर त्या सामन्याला जो अर्थ उरेल, तोच चुकीच्या नकाशावर घेतलेल्या स्पर्धेला उरतो.

असा नकाशा बाजारात मिळत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या कामासाठी उत्तम आहेत, पण त्यांत जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटरांत मावतो आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे उंचीच्या वीस-वीस मीटरांच्या अंतराने येतात. ओरिएंटियरिंगच्या जंगलातील नकाशाचे प्रमाण १:१५,००० किंवा १:१०,००० आणि समोच्च रेषांमधील अंतर सहसा पाच मीटर असते; शहरातील वा शैक्षणिक आवारातील स्प्रिंट प्रकारासाठी तर प्रमाण १:४,००० पर्यंत वाढवावे लागते. ठसठशीत दगड, घळ, तुटलेले कुंपण, जुना बांध, पाऊलभर रुंदीची पायवाट हे सारे त्यात दिसावे लागते. रंगांचाही नियम आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरवून दिलेला आहे: सहज पळता येईल असे रान पांढरे, मोकळी जमीन पिवळी, आणि झाडी जितकी दाट तितका हिरवा रंग गडद.

या शेवटच्या नियमाशीच पुण्याच्या टेकड्यांचे फारसे जमत नाही. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) लागवड जागोजागी झालेली आहे, आणि तिच्या जोडीला घाणेरी आहेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाची पाने झडलेली असतात, खालचे गवत वाळून आडवे झालेले असते आणि उतार दुरूनही स्वच्छ दिसतो. तोच उतार ऑगस्टमध्ये पाहिला, तर कमरेएवढ्या गवतातून आणि काटेरी जाळ्यांतून वाट काढणे कठीण होते. उन्हाळ्यात पाहणी करून पांढरा रंगवलेला भाग पावसाळ्यात हिरवा रंगवावा लागतो. शिवाय दरवर्षी कोठे नवी भिंत उभी राहते, कोठे फिरायला येणाऱ्यांसाठी पायऱ्या होतात, कोठे नवी वाट पडते. म्हणून आमच्याकडचा नकाशा एकदा काढून भागत नाही. प्रत्येक मोठ्या पावसाळ्यानंतर कोणीतरी तो घेऊन टेकडीवर पुन्हा फिरावे लागते. नकाशा रेखाटण्याची विनामूल्य संगणकप्रणाली आज उपलब्ध आहे, उपग्रहचित्रेही मिळतात. परंतु झाडीखालची जमीन उपग्रहाला दिसत नाही, आणि एका चौरस किलोमीटरच्या रानासाठी माणसाला कित्येक दिवस पायपीट करावी लागते.

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भू-अवकाशीय माहितीविषयीची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यापासून, भारतीय व्यक्ती व संस्थांना असे नकाशे बनवणे कायद्याच्या दृष्टीने पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. लष्करी व अन्य संवेदनशील जागांचा तपशील न दाखवण्याची काळजी मात्र पुण्यासारख्या शहरात कटाक्षाने घ्यावी लागते, आणि ती प्रत्येक क्लबाच्या विवेकावर न सोडता संघटनेने एकदाच लेखी नियम करून घालून द्यावी.

खरी अडचण पुढेच आहे. बहुतेक नकाशे आज कोणा एका हौशी माणसाच्या लॅपटॉपमध्ये असतात. तो महाविद्यालयीन विद्यार्थी असेल तर पदवी घेऊन बंगळूरला जातो. क्लबात भांडण झाले तर तो नकाशा घेऊनच बाहेर पडतो. आणि मागे राहिलेल्यांच्या हाती छापील प्रतींच्या झेरॉक्सखेरीज काही उरत नाही. क्लब बंद पडण्याची कारणे शोधताना आपण पैशांकडे आणि उत्साहाकडे बोट दाखवतो, पण माझ्या पाहण्यातील बंद पडलेल्या क्लबांच्या बाबतीत नकाशा हरवणे किंवा जुना होणे हे कारण बहुधा आधी घडलेले होते. यावर उपाय साधा आहे. संघटनेने नकाशांचे भांडार ठेवावे. प्रत्येक नकाशाची मूळ संगणकीय प्रत, पाहणी कोणी केली, शेवटची दुरुस्ती कोणत्या महिन्यात झाली, ही नोंद त्यात असावी. मालकी क्लबाचीच राहावी, आणि दुसऱ्या क्लबाने तो नकाशा वापरला तर छापलेल्या प्रतीमागे ठरावीक रक्कम मूळ क्लबाला मिळावी. स्वीडन-नॉर्वेमध्ये हा खेळ गावोगाव टिकून आहे, त्यामागे तेथील क्लबांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः नकाशे बनवले आणि जपले, हे एक मोठे कारण आहे.

चषक, फेटे, शाली आणि स्वागताचे फलक यांवर होणारा खर्च पाहिला, की त्यात किती टेकड्यांच्या नकाशांची दुरुस्ती झाली असती, याचा हिशेब मनात सुरू होतो. हे काहींना कडवट वाटेल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

नकाशानंतर माणसे. स्पर्धेत कोर्स, म्हणजे आरंभापासून शेवटापर्यंतच्या कंट्रोलांची मालिका, आखणारा प्लॅनर यजमान क्लबाचा असतो. त्याचे काम तपासणारा कंट्रोलर दुसऱ्या क्लबाचा असावा. त्याने प्रत्येक निशाणाची जागा आधी स्वतः जाऊन पाहावी, कारण एक निशाण जरी शेजारच्या घळीत लागले, तरी त्या कोर्सवरच्या सर्वांचा निकाल रद्द करण्याची पाळी येऊ शकते. वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणी आहेत. त्यांच्या कडा नकाशावर निषिद्ध दाखवणे आणि प्रत्यक्षात फीत बांधून बंद करणे, हेही कंट्रोलरने डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मान्य करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परतलेल्यांची मोजदाद. जितके सुटले तितके परत आले की नाही, हे कळल्याशिवाय यजमानांनी जागा सोडता कामा नये. मध्येच थांबलेल्या धावपटूनेही शेवटच्या रेषेवर येऊन नोंद केलीच पाहिजे. नवे क्लब नेमके येथे कमी पडतात, कारण त्यांना हे कोणी शिकवलेलेच नसते.

कंट्रोलरांची कमतरता पुण्यात खरे म्हणजे भासू नये. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनच्या सैनिकी शिक्षणातून वाढला, आणि आपल्याकडेही तो सैन्यदलांनीच प्रथम जोपासला. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीचे बॉम्बे सॅपर्स असे शेजार लाभलेल्या या शहरात नकाशावाचनात हयात गेलेले निवृत्त अधिकारी व जवान घराघरांत आहेत. त्यांना सत्कारासाठी व्यासपीठावर बसवण्याऐवजी वर्षातून दोन रविवार कंट्रोलर म्हणून मागितले, तर बरेचजण आनंदाने येतील, असे माझे अनुभवांती मत आहे.

वेळनोंदीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांबद्दल फार लिहीत नाही. ती महाग आहेत, म्हणून एक संच संघटनेने घ्यावा आणि क्लबांना फिरवून द्यावा. पण चाळीस मुलांच्या शालेय स्पर्धेला धावपटूजवळचे कागदी कार्ड आणि त्यावर प्रत्येक कंट्रोलवर वेगवेगळ्या नक्षीची भोके पाडणारे सुयांचे पंच आजही पुरतात.

परवानग्यांचा विषय मात्र सविस्तर मांडण्याजोगा आहे. स्वीडनमध्ये रानात मुक्तपणे फिरण्याचा सार्वजनिक हक्क परंपरेने मान्य आहे; आपल्याकडे तसे नाही, आणि शहराला चिकटलेल्या, आधीच आक्रसलेल्या टेकड्यांच्या बाबतीत ते योग्यही आहे. एखादी जागा वनखात्याची, एखादी महापालिकेची, एखादी विद्यापीठाची, एखादी छावणी मंडळाची. प्रत्येक क्लब आपापला अर्ज घेऊन दरवेळी नव्याने जातो, आणि त्या टेबलावर बसलेल्या माणसाला हा खेळ दरवेळी पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो. त्याऐवजी संघटनेने वर्षाचे वेळापत्रक जूनमध्येच ठरवून सर्व स्पर्धांचा एकत्रित अर्ज करावा, त्यासोबत विम्याची प्रत, सहभागींच्या संख्येची मर्यादा आणि निशाणे त्याच दिवशी उतरवण्याची लेखी हमी द्यावी. पक्ष्यांच्या विणीच्या जागा कोठे आहेत, हे टेकड्यांवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या निसर्गप्रेमींना विचारून त्या जागा कोर्समधून आधीच वगळाव्यात. पुण्यातील टेकड्या वाचवण्यासाठी ज्या नागरिकांनी रस्त्यांच्या योजनांविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, त्यांच्याशी आपले नाते स्पर्धकांची झुंड घेऊन येणाऱ्यांचे असू नये. सातारा जिल्ह्यातून कधी कधी अशी सूचना येते, की कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात स्पर्धा घेतली तर प्रसिद्धी चांगली मिळेल. मिळेल, यात शंका नाही, आणि म्हणूनच संघटनेने तिला स्पष्ट नकार द्यावा. सोलापूरच्या क्लबांनी नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे फिरकू नये, हेही त्याच नियमात बसते.

सोलापूरचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. विभागाची जवळजवळ सगळी शिबिरे पुण्यात भरतात आणि दूरच्या क्लबांनी रात्रीचा प्रवास करून यावे, अशी अपेक्षा ठेवली जाते. सोलापूरला डोंगर नसला तरी महाविद्यालयांची आवारे व जुन्या पेठांचे बोळ आहेत, आणि स्प्रिंट प्रकाराला तेवढे भरपूर झाले. प्रशिक्षकाने तिकडे जाऊन दोन दिवस राहावे. एका माणसाचे तिकीट वीस मुलांच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते.

आता पैसा आणि मतदान. सध्याची रूढ पद्धत म्हणजे प्रत्येक क्लबाकडून सारखीच वार्षिक संलग्नता फी आणि प्रत्येक क्लबाला एक मत. पंधरा विद्यार्थ्यांच्या क्लबाला ही फी जड जाते, तर मोठ्या क्लबाला ती जाणवतही नाही. आणि कार्यकारिणीच्या निवडणुकीचे वर्ष आले, की एकाही स्पर्धेत न दिसलेले क्लब अचानक फी भरून मतदानाला हजर होतात. महाराष्ट्रातील क्रीडा संघटनांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे कागदी क्लब नवे नाहीत. ब्रिटनमध्ये क्लब आपल्या स्पर्धेतील सहभागींच्या संख्येनुसार संघटनेला शुल्क देतात. आपणही संलग्नता फी नाममात्र ठेवून स्पर्धेतील प्रत्येक प्रौढ धावपटूमागे ठरावीक रक्कम घ्यावी आणि शालेय मुलांना त्यातून वगळावे. ज्या क्लबाने मागील बारा महिन्यांत एकही स्पर्धा वा सराव-उपक्रम घेतला नाही, त्याला मताचा अधिकार नसावा. अशा बदलासाठी संघटनेच्या घटनेत दुरुस्ती लागेल आणि ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर नोंदवावी लागेल. काम किचकट आहे, पण अशक्य नाही.

मुलींच्या सहभागाविषयी संघटनेला ताबडतोब करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. टेकडीवर मुलीला एकटीला पाठवण्यास पालक तयार नसतात, आणि त्यांची काळजी अनाठायी म्हणता येत नाही. नवशिक्यांच्या सोप्या कोर्सवर, जेथे बहुतेक कंट्रोल वाटांच्या लगतच असतात, जोडीने धावण्याची मुभा सर्व क्लबांनी एकसारखी द्यावी. जोडीचा निकाल वेगळा लावावा, म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही. काही क्लब हे करतात, काही नियमाकडे बोट दाखवतात.

या सूचना मी संघटनेच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे लेखी ठेवणार आहे. आपल्या दैनिकामार्फत पाचही जिल्ह्यांतील क्लबांना एवढीच विनंती, की सभेला येताना आपापल्या नकाशांची यादी, प्रत्येकाच्या शेवटच्या पाहणीचा महिना आणि मूळ प्रत सध्या कोणाकडे आहे, हे लिहून आणावे. राज्यस्तरीय स्पर्धा कोठे घ्यायची, याचा विचार ती यादी हाती आल्यावर करता येईल.

आपला नम्र,
एक ओरिएंटियरिंग कार्यकर्ता
कोथरूड, पुणे