वजनाच्या थकबाकीदारांबद्दल पण काहीतरी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरची नवीन वर्षाची पुरवणी नेहमीप्रमाणे आवडीने वाचली. त्यात वजन कमी केलेल्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते, कोणी २० किलो कोणी २५, सगळे मस्त हसतायत. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण फोटो बघताना एकच विचार येत होता की हे लोक पुढच्या वर्षी कुठे असतात? कारण माझा पण असाच एक फोटो आहे, मार्च २०२४ चा, पुतणीच्या साखरपुड्यातला, हिरवी साडी, ७१ किलो. पेपरात नाही आला पण सगळ्या नातेवाईकांच्या मोबाईलमध्ये फिरला. त्यानंतर सात महिन्यांनी मी ७९ ची होते आणि त्याचा फोटो कोणाकडेच नाही कारण मी फोटोत यायचंच सोडलं होतं.

थोडं मागून सांगते. मी जळगावला एका पतसंस्थेत क्लार्क आहे, वय ४८. जानेवारी २०२३ ला माझं वजन ८४.२ होतं, जिना चढताना दम लागायचा, शुगर बॉर्डरवर, डॉक्टर म्हणाले गोळी सुरू करायची का आधी तुम्ही काही करून बघता. मी म्हटलं बघते करून. मग सकाळी साडेपाचला मेहरूण तलावावर चालायला सुरुवात केली, भाजीत तेल मोजून घालायला लागले (आपल्या खान्देशात तेल मोजणं म्हणजे पापच, तर्री नसेल तर पाहुणा विचारतो भाजी कच्ची राहिली का), आणि चौदा महिन्यांत १३ किलो उतरलं. हळूहळूच उतरलं, महिन्याला एक किलो पण नाही. जाऊबाईंनी एकीने सांगितलं केळी बंद कर. जळगावात राहून केळी बंद! एका मध्यम केळात शंभरेक कॅलरी असतात, चार बिस्किटांपेक्षा बरं, ते मी बंद केलं नाही आणि काही बिघडलं पण नाही.

मार्च संपत आला आणि माहेरून फोन आला, आईला लकवा मारला. माहेर पारोळा तालुक्यात. पहिले दोन महिने मी तिकडेच, रजा टाकून, नंतर दर शनिवारी बस पकडायची आणि सोमवारी पहाटे परत यायचं. चालणं बंद. झोप नाही. भेटायला येणारे सकाळपासून, आणि आपल्याकडे भेटायला कोणी आलं की चहा टाकायचा आणि त्यांच्यासोबत आपण पण घ्यायचा, नाही घेतला तर त्यांना वाईट वाटतं. मग मे महिन्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, आजारपण असलं तरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झालाच कारण आईला खायची इच्छा होती. श्रावणात सासरी कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातला देवीचा सण, त्यातले प्रसादाचे रोट घरच्यांनीच संपवायचे असतात. एवढं सगळं सुरू असताना काट्यावर कोण उभं राहणार. एकदा जूनमध्ये पाय टाकणार होते, ब्लाउज घट्ट झाल्यावरून अंदाज आलाच होता, मग काटा उचलला आणि दिवाणाखाली सरकवून दिला. म्हटलं आई बरी झाली की बघू.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे. आई ऑगस्टपर्यंत काठी धरून चालायला लागली, मी जळगावला नेहमीसारखी राहायला लागले, तरी पण मी मेहरूणला गेले नाही. का नाही गेले? कारण तिथे आमचा बायकांचा ग्रुप आहे आणि त्यांना मी ७१ ची माहिती होते. एकदा चालायला निघाले तर तलावाचा रस्ता सोडून मुद्दाम दुसऱ्या गल्लीने गेले. आणि त्या गल्लीत चालता चालता मला एकदम हसू आलं आणि रडू पण आलं, कारण हे मी वीस वर्षं ऑफिसात बघतेय. कर्जाचे तीन हप्ते थकले की माणूस काय करतो? पैसे जमवत नाही, गल्ली बदलतो. पतसंस्थेसमोरून जायचं बंद करतो, फोन उचलत नाही, नोटीस आली तर न फोडता कपाटात ठेवतो. आणि व्याज तर चालूच असतं ना, ते काही त्याच्या लाजेसाठी थांबत नाही. याउलट जो थकबाकीदार मान खाली घालून का होईना काउंटरवर येतो आणि म्हणतो ताई आज पाचशेच आहेत तेवढे जमा करा, त्याचं खातं शंभरातल्या नव्वद वेळा नीट होतं. हा माझा काउंटरवरचा अंदाज आहे, रिझर्व्ह बँकेचा आकडा नाही. मी स्वतः असल्या लोकांना किती समजावलंय की अहो लपू नका, येत राहा, मार्ग निघतो. आणि मी काटा दिवाणाखाली टाकून बसलेय.

दसऱ्याच्या आधी साफसफाईत सासूबाईंना तो काटा दिसला. जाळं लागलेलं. त्यांनी तो झाडून बाहेर काढला आणि मला म्हणाल्या, "का व, हाऊ काटा तुले पैसा मांगी ऱ्हायना का?" म्हणजे काय गं, हा काटा तुझ्याकडे पैसे मागतोय का? त्यांना माझं ऑफिसचं उदाहरण माहिती पण नव्हतं. १४ ऑक्टोबरला, दसरा झाल्यावरच्या सोमवारी, उभी राहिले. ७९.१.

दिवसभर डोकं सुन्न. मग रात्री वही घेऊन बसले, आकडेमोड हा आपला धंदाच आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी धरतात. आठ किलो म्हणजे ६१,६०० आणि दिवस २१०. भागले तर रोजचे २९३. मी दोनदा तपासलं. मी समजत होते की मी सात महिने राक्षसासारखं खाल्लं, आखाजीच्या पुरणपोळ्या आणि कानबाईच्या रोटांनी घात केला, रोज स्वतःला शिव्या देत होते, आणि हिशोब म्हणतोय की रोजचे जेमतेम तीनशे. दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध घातलेला कपभर चहा साठ-सत्तरचा, असे जास्तीचे तीन चहा आणि सुटलेलं चाळीस मिनिटांचं चालणं, झाले की तीनशे. सण तर सगळे मिळून दहा-बारा दिवसांचे, त्यांनी एवढं होतच नाही. मला गुन्हेगार सापडला तो चहाच्या पातेल्यात, आणि तो पण आईला भेटायला आलेल्या चांगल्या लोकांचा चहा. त्या रात्री मला सात महिन्यांत पहिल्यांदा बरी झोप लागली.

दुसरा हिशोब डॉक्टरांनी करून दिला. मी म्हटलं सगळं पाण्यात गेलं. ते म्हणाले ८४.२ वरून ७९.१ म्हणजे अजून ६ टक्के खालीच आहात की, पाच ते दहा टक्के उतरलं तरी शुगर आणि बीपीला फरक पडतो, पाण्यात काय गेलं? माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी ७१ पासून मोजत होते म्हणून हरलेली होते. आणि त्यांनी हे पण सांगितलं की वजन उतरल्यावर परत वाढणं हा फक्त मनाच्या कमजोरीचा भाग नाही, शरीर हलकं झालं की ते खर्च पण कमी करतं आणि भूक वाढवतं, जुन्या वजनाकडे ओढतं, त्यामुळे टिकवणं हे उतरवण्यापेक्षा अवघड काम आहे. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी साखरपुड्याच्या फोटोनंतर झालं बाई एकदाचं असं म्हणून बसले नसते.

मग केलं काय तर नवीन काहीच नाही. ऑफिसात कर्जाचं पुनर्गठन करतो तसं केलं. ७१ बाजूला ठेवलं, पहिला हप्ता ७७ चा. दर सोमवारी सकाळी काटा, आकडा कसाही असो कॅलेंडरवर लिहायचा, स्वयंपाकघरातल्या, सगळ्यांना दिसेल असा. पहिल्या आठवड्यात दीड किलो गेलं आणि मी नाचले नाही कारण आता माहिती आहे, ते बरंचसं पाणी असतं, शरीरात साठवलेल्या साखरेसोबत तिच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं ते आधी निघतं. तिसऱ्या आठवड्यात ७०० ग्रॅम वाढलं. आधीची मी असते तर तिथेच सोडलं असतं. पण आदल्या दिवशी एका मुंजीत पापड, लोणचं, ठेचा सगळं दाबून झालं होतं, मीठ पाणी धरून ठेवतं, एका रात्रीत ७०० ग्रॅम चरबी चढायला पाच हजारावर कॅलरी जास्तीच्या खायला लागतात, मुंजीत मी तेवढं नव्हतं खाल्लं. लिहिलं कॅलेंडरवर. पुढच्या सोमवारी ते गेलं पण.

चहा बंद नाही केला. अर्धा कप आणि साखर अर्धा चमचा, पहिले दहा दिवस वाईट गेले मग कळेना झालं. वरण-बट्टी खाते, फक्त बट्टी उकडून झाली की माझ्या वाटणीच्या तळायच्या नाहीत, तव्यावर परतायच्या, वर एक चमचा तूप, मोजून. भरीत तर सिझनच आहे, सोडणार कशी, पण भरिताच्या पार्टीत पुऱ्यांऐवजी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी घेते आणि तेलाचा थर वरून बाजूला करते, लोक हसतात, हसू दे. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा-दहा वेळा, कारण नुसतं खाणं कमी केलं की चरबीसोबत स्नायू पण जातात.

सगळ्यात अवघड होतं मेहरूणला परत जाणं. गेले. एक मैत्रीण म्हणालीच, अगं किती छान झाली होतीस, परत काय झालं? मी म्हटलं ७९ झालं होतं, आता ७७.८ आहे. आकडा तोंडावर सांगितला की पुढे कोणी काही विचारत नाही, आपलीच भीती असते. तिसऱ्या दिवशी त्याच मैत्रिणीने चालता चालता हळूच सांगितलं की तिचे पण चार वाढलेत आणि ती महिनाभर फक्त बोलायला येते, चालते कुठे.

आज वजन ७५.४ आहे. कमरेचा घेर ९१ सेंटिमीटर. आपल्या भारतीय बायकांसाठी ८० च्या आत हवा म्हणतात, म्हणजे रस्ता लांब आहे.

तर संपादक साहेब, विनंती दोन. एक म्हणजे पुढच्या पुरवणीत अशा लोकांना पण जागा द्या ज्यांचं उतरलं, चढलं आणि ते परत काट्यावर आले. फोटो हसरे नसतील पण वाचणाऱ्याला उपयोग होईल. घरोघरी दिवाणाखाली काटे पडलेत.

दुसरी, रागावू नका. त्याच पानावर खाली जाहिरात होती, सात दिवसांत पाच किलो कमी, गॅरंटी. परत वही काढली. पाच किलो चरबी म्हणजे ३८,५०० कॅलरी, दिवसाला ५,५००. माझ्यासारख्या बाईचं शरीर चालणं-फिरणं धरून दिवसाला दोन हजाराच्या आसपासच खर्च करतं. म्हणजे सात दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही तरी हे गणित बसत नाही. जे जातं ते पाणी, आणि ते परत येतं, आणि बाई समजते चूक आपलीच. आमच्या पतसंस्थेत असलं व्याजाचं गणित कोणी मांडलं तर सभासद सर्वसाधारण सभेत खुर्च्या फेकतील. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मला कळतं, पण निदान फोटोंच्या खाली तरी नको.

पुढच्या रविवारी चाळीसगावला लग्न आहे, भाच्याचं, दोन दिवस जायचंय. सोमवारी आकडा वाढलेला असणार. कॅलेंडरवर लिहीनच.

आपली नियमित वाचक,
जळगाव

ता.क. नाव छापू नका. ग्रुपमधल्या बायकांना कळेलच, पण ऑफिसातल्या थकबाकीदारांना कळायला नको.